प्रगतिपुस्तकातली टोपली

आम्ही स्वीडनमधल्या गोथेनबर्गला राहतो. चौथीतल्या माझ्या मुलाच्या वेळापत्रकात गणित, स्वीडिश आणि इंग्रजीच्या बरोबरीने ‘स्लॉयड’ असतो. स्लॉयड म्हणजे हस्तकाम. तिथे हा विषय सक्तीचा आहे आणि सहावीपासून त्याला इतर विषयांसारखी श्रेणीही मिळते. एका सत्रात लाकूडकाम, दुसऱ्या सत्रात शिवणकाम. मुलगे सुईत दोरा ओवतात, मुली करवत चालवतात.

शाळेच्या परवानगीने मी एकदा वर्गात बसले. मुलगा लोण्याची लाकडी सुरी करत होता. बर्चच्या फळीवर पेन्सिलीने आकार काढायचा, करवतीने कापायचा, कानशीने घासायचा, मग जाड आणि त्यानंतर बारीक पॉलिशपेपर. एवढं झाल्यावर ती सुरी पाण्यात बुडवतात. ओली झाली की लाकडाची कुसं उभी राहतात. वाळल्यावर पुन्हा घासायची आणि शेवटी तेल लावायचं. त्याची मूठ घासता घासता एका बाजूने फार बारीक झाली. बाईंनी सुरी स्वतःच्या हातात घेतली नाही. ‘‘आता काय करता येईल?’’ एवढंच विचारलं. बराच वेळ तो सुरी उलटसुलट करत बसला, मग मूठ आखूड करायचं त्यानेच ठरवलं. आधी काय योजलं होतं आणि ते का बदललं, हेही त्याला वहीत लिहावं लागलं. तिथे सुरीइतकंच या लिहिण्यालाही महत्त्व आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

गोथेनबर्गजवळच नेस नावाचं ठिकाण आहे. तिथे ओटो सालोमन यांनी १८७०च्या दशकापासून हस्तकामाच्या शिक्षकांसाठी विद्यालय चालवलं. देशोदेशींचे शिक्षक तिथे शिकून गेले. आपल्याकडेही हस्तकामातून शिकवण्याचा हा विचार नवा नाही. १९३७मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवलं. डहाणूजवळच्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पानं, बिया, खडे घेऊन आदिवासी मुलांना शिकवलं.

त्र्यंबक भागातलं हरसूल माझं माहेर. स्वीडनच्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते तेव्हा इकडे भाताची आवणी, म्हणजे लावणी, चालू असते. गेल्या जुलैत धो धो पावसात पडवीत बसून माझे वडील, आबा, टोपली विणत होते, नातू शेजारी. आबांनी बांबू उभा चिरला, पट्टी काढून त्याच्या हातात दिली आणि वाकवायला लावली. ती मोडली. दुसरी दिली. ‘‘सालीकडची चिवट, गाभ्याची ठिसूळ. बघ बरं, कोणती कुठली?’’ पोराने दोन्ही वाकवून पाहिल्या आणि बरोबर सांगितलं. लाकडाची रेघ कुठल्या दिशेने जाते हे त्याला शाळेत कळलं होतं. बांबूत ती आबांनी दाखवली.

माझी भाची हरसूलमध्ये नववीत आहे. तिला टोपली विणता येते. पोटरीभर पाण्यात उभी राहून ती भाताची आवणी करते, रोपांसाठी राब कधी भाजायचा हे तिला सांगावं लागत नाही. तिच्या प्रगतिपुस्तकात यातल्या कशालाही जागा नाही. माझ्या मुलाच्या ओबडधोबड सुरीची नोंद होते आणि तिच्या घट्ट विणीच्या टोपलीची होत नाही, हे मला सलतं. पोरीला वाटतं, आपल्याला येतं ते काही शिक्षण नव्हे.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहेत. सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांकडे मुलांनी त्या दिवसांत शिकावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. हरसूल, पेठ, त्र्यंबक भागातल्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे : हे दिवस सहलीत किंवा भाषणांत घालवू नका. गावातल्या बांबू विणणाऱ्या आजोबांना आणि नागलीचं बियाणं राखणाऱ्या आजीला वर्गात बोलवा. त्यांना मानधन द्या. मुलांनी केलेलं काम मुलांकडूनच लिहून घ्या आणि ते प्रगतिपुस्तकात नोंदवा. पालकांनीही शाळेच्या बैठकीत हे मागावं.