आगबोटीवर ऐकावयाची गाणी

नांदेड-लातूरकडील माणसास समुद्र म्हणजे नकाशातील निळा रंग. पूर्वेचा घ्या वा पश्चिमेचा, दोन्ही आम्हांपासून शंभर कोसांच्या पलीकडे; आमचा सारा जलविहार गोदावरीच्या घाटावर कमरेइतक्या पाण्यात आटोपतो. असे असूनही समुद्राच्या गाण्यांची आवड आमच्याकडे कमी नाही. चौतीस वर्षांच्या शिक्षकी पेशात कोळीनृत्यावाचून पार पडलेले एकही स्नेहसंमेलन आम्हांस आठवत नाही. ज्यांनी जन्मात होडी पाहिलेली नाही अशी मुले पुठ्ठ्याची वल्ही मोठ्या आवेशाने मारीत, आणि पालक टाळ्या वाजवीत.

२०२५ च्या फेब्रुवारीत आम्हां उभयतांस चेन्नईहून आगबोटीने अंदमानास जाण्याचा योग आला. अंतर सुमारे बाराशे किलोमीटर. बोटीस अडीच-तीन दिवस लागतात. विमान दोन-अडीच तासांत पोहोचविते हे ठाऊक होते. परंतु १९११ साली सावरकरांना ज्या मार्गाने 'महाराजा' बोटीतून नेले, त्याच मार्गाने जावे ही आमची जुनी इच्छा. बौधायनाने समुद्रयान पातित्याच्या कारणांत गणिले आहे, याची आठवण आमच्या एका शास्त्रीबुवा स्नेह्यांनी अगत्याने करून दिली. आम्ही त्यांस तिकिटे दाखविली.

किनारा सुटला की काही तासांतच भ्रमणध्वनीचा संपर्क तुटतो. तेव्हा गाणी आधीच त्यात उतरवून ठेवावी लागतात. ती निवडण्याचे काम आमचे. अग्रपूजेचा मान अर्थातच सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचिलेल्या सागरगीतास. हृदयनाथांची चाल आणि मंगेशकर भावंडांचे स्वर! ते पद्य वर्गात आम्ही किती वेळा समजावून सांगितले असेल याची गणती नाही. डेकवरील कठड्याशी उभे राहून, चोहोंकडे पाण्याखेरीज काही दिसत नसता ते ऐकले, तेव्हा त्यातील एक गोष्ट नव्याने ध्यानात आली. या गीतातील कवी किनाऱ्यावर उभा आहे. सागर त्याच्या समोर आहे, पायांखाली नाही. म्हणूनच त्यास तो दूषणे देऊ शकतो, त्याच्याशी भांडू शकतो. पायांखाली समुद्र असणाऱ्यास एवढे धैर्य कोठून व्हावे?

शान्ता शेळके यांच्या कोळीगीतांचेही काहीसे असेच. लतादीदी आणि हेमंतकुमार यांनी गायिलेली ती गीते वल्ह्यांच्या ठेक्यावर डुलतात. पण त्यांतील होडी घरी परतणारी आहे आणि वाट पाहणारे माणूस किनाऱ्यावर आहे. (शान्ताबाईंचा जन्म इंदापूरचा, म्हणजे तोही समुद्रापासून दूरच.)

बोटीवर बंगाली मंडळी पुष्कळ होती. १९४९ पासून पूर्व बंगालचे निर्वासित अंदमानात वसविले गेले, त्यांच्या पुढील पिढ्यांतील ही माणसे. पहिल्या संध्याकाळी त्यांतील एका वृद्ध गृहस्थांनी भटियाली गायिली. हे नावाड्यांचे गाणे खरे, परंतु नदीवरच्या. नाव प्रवाहाबरोबर आपसूक चाललेली, हातांस काम नाही. त्यामुळे त्यास तालाचे बंधन नसते आणि स्वर लांबच लांब जातो. आम्ही तल्लीन झालो होतो. सौ. मात्र हळूच म्हणाल्या, “अहो, गोड आहे, पण हे वाहून नेणारे गाणे. मला धरून ठेवणारे हवे.”

या बोलण्याचा अर्थ दुसऱ्या रात्री उलगडला. सौ.चे माहेर औसा तालुक्यातील. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक निजले असता, चारच्या सुमारास जो भूकंप झाला त्यात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांत आमच्या सासूबाई होत्या. तेव्हापासून रस्त्याने जड मालमोटार गेली आणि खिडकी थरथरली तरी सौ. उठून बसतात. बोटीवर तर यंत्रामुळे तळ अहोरात्र कापत असतो. पहिली रात्र त्यांनी डोळ्यास डोळा न लावता काढिली. दुसऱ्या रात्री आम्हांस जाग आली, तेव्हा त्या बर्थवर बसून, डोळे मिटून, अगदी हलक्या आवाजात जात्यावरच्या ओव्या म्हणत होत्या. आईच्या ओव्या. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही त्या कधी ऐकिल्या नव्हत्या.

“आई दळायला बसली की मी तिच्या मांडीवर डोके ठेवून निजत असे,” त्या म्हणाल्या. “जाते घरघरायचे, भुई कापायची, माझे सारे अंग कापायचे. तेव्हा कधी भीती वाटली नाही. ती थरथर आईच्या हातची होती ना!”

यंत्राची घरघर खाली चालूच होती. तिच्याशी मेळ घालून त्या आणखी काही ओव्या म्हणाल्या, आणि पहाटे चारच्या आधी झोपी गेल्या. आम्ही मात्र जागे राहिलो.

१८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला जी माणसे गेली, त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांत कोकणची जाखडी आजही 'झाकरी' या नावाने गणेशोत्सवात चालते. त्यांनी महिन्यामहिन्याच्या समुद्रातून अंगणातले गाणे नेले. आमच्या सौ.ने अडीच दिवसांच्या समुद्रावर ओसरीतले आणिले.

सेल्युलर जेल पाहिले. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ पासून श्रीविजयपुरम झाले आहे. परतताना पुन्हा बोटच घ्यावी, असा आग्रह सौ.नेच धरिला.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. घरी आल्यावर आम्हीही एक वही घातली आहे. दुपारची झाकपाक झाली की सौ. सांगतात आणि आम्ही लिहून घेतो. आजवर एकेचाळीस ओव्या उतरल्या. त्यांपैकी तिहींचा शेवटचा चरण त्यांस आठवत नाही. तो वृत्तात बसवून आम्ही जोडून देतो, असे आम्ही सुचवून पाहिले. त्यांनी ते साफ नाकारिले. त्या तीन जागा कोऱ्या आहेत.