पहिला हिरा घेणाऱ्या भाचीस

मुंबई

चि. बाळ हिस,


तुझं पत्र मिळालं. साखरपुड्याची अंगठी तुम्ही दोघं मिळून निवडणार, हे वाचून फार बरं वाटलं. तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. हिऱ्यातलं ओ की ठो कळत नसताना इंटरनेटवर हिऱ्यांची चर्चा करणाऱ्या अनोळखी मंडळींना प्रश्न विचारावा का, की ते अडाणी समजून झिडकारतील? आणि मी एवढी वर्षं अंधेरीच्या सीप्झमध्ये हिऱ्याचे दागिने तपासले, तर मीच एखादी अंगठी पसंत करून का पाठवू नये?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मी पाठवणार नाही. अंगठी तुझ्या बोटात राहणार, ती तुझ्या डोळ्यांना आवडायला हवी. पहिल्याचं उत्तर असं, की जरूर विचार. त्या मंडळींतले बरेच जण मनापासून मदत करतात. मात्र ती मदत कुठवर घ्यायची, हे तुला ठरवता यावं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हिऱ्याचा धंदा पहिल्यापासून ओळखीवर चालत आला आहे. ऑपेरा हाउसच्या पंचरत्न इमारतीत चालायचा तेव्हाही, आणि 2010 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातलं भारत डायमंड बोर्स सुरू झालं त्यानंतरही. लाखोंचा माल कागदाच्या पुडीत घालून एक व्यापारी दुसऱ्याला जांगड, म्हणजे पसंत पडल्यास ठेवायच्या बोलीवर, देतो. मधे एक चिठ्ठी असते आणि शब्द असतो. दलाल ओळखीचा, माल पोचवणारा अंगडिया ओळखीचा, घासणारा कारखानदार ओळखीचा. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ भारतात, मुख्यतः सुरतेत, पैलू पाडून तयार होतात. त्यांचे भाव मार्टिन रॅपपोर्टने 1978 मध्ये सुरू केलेल्या भावपत्रकापेक्षा किती टक्के खाली, अशा भाषेत बोलले जातात. या सगळ्यात बाहेरून येणाऱ्या गिऱ्हाइकाला ना भाषा ठाऊक, ना माणसं. तुला जी भीती वाटते आहे ती तुझ्या अज्ञानाची आहे असं समजू नकोस. ओळखीवर चालणाऱ्या बाजारात ओळख नसलेल्या कुणालाही ती वाटते.

पूर्वी रत्नपारख घरातून घरात जायची. अलाउद्दीन खिलजीच्या दरबारातल्या ठक्कुर फेरूने 1315 मध्ये रत्नपरीक्षेवर ग्रंथ लिहिला, तोही आपल्या मुलाच्या शिक्षणासाठी. याहून मोकळं चित्र तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकात दख्खनमधल्या रावळकोंड्याच्या खाणीवर पाहिलं. तिथल्या व्यापाऱ्यांची दहा ते सोळा वर्षांची मुलं रोज सकाळी गावातल्या मोठ्या झाडाखाली जमत. प्रत्येकाजवळ हिरे तोलायची वजनं आणि पैसे असत. कुणी हिरा विकायला आणला की तो आधी सर्वांत मोठ्या मुलाच्या हातात जाई, मग एकेकाच्या हातातून फिरे. कुणी एक अक्षर बोलत नसे. संध्याकाळी सगळा माल एकत्र करून, निवडून ते मोठ्या व्यापाऱ्यांना विकत आणि नफा आपसात वाटून घेत. म्होरक्याला इतरांपेक्षा पाव टक्का जास्त.

मला या मुलांचं फार कौतुक वाटतं. ती शिकली, कारण हिरा प्रत्येकाच्या हातात दिला जात होता. म्होरक्या आधी पाहायचा, पण पुढच्याला पाहण्याचा हक्क राहायचा. नवख्याला सामावून घेणं म्हणजे काय, हे मी यावरून ठरवते. जाणत्याने आपला निकाल सांगून हिरा खिशात टाकला, तर नवखा शिकत नाही. हिरा पुढे सरकवून ‘आता तू बघ’ म्हटलं, तरच शिकतो.

इंटरनेटवर अनोळखी माणसं एकमेकांशी हिऱ्याबद्दल बोलू शकतात, याचं श्रेय मोठ्या प्रमाणात अमेरिकेतल्या रॉबर्ट शिपली यांना जातं. 1931 मध्ये त्यांनी जीआयए ही संस्था काढली, ती दुकानदारांनाच रत्नांचं शास्त्र शिकवण्यासाठी. पुढे रिचर्ड लिडिकोट यांनी 1953 मध्ये रंग आणि स्वच्छतेच्या श्रेणी ठरवल्या. रंगाची श्रेणी ‘डी’पासून सुरू होते, कारण ए, बी, सी ही अक्षरं प्रत्येक व्यापारी आपापल्या सोयीने आधीच वापरत होता. वजन, रंग, स्वच्छता आणि घाट या चार गोष्टी कागदावर आल्या आणि पुण्यातल्या मुलीला अमेरिकेतल्या माणसाशी एकाच हिऱ्याविषयी बोलता येऊ लागलं.

आता ही मंडळी खरी मदत कुठे करतात ते सांगते. समजा, तू एका कॅरेटचा गोल हिरा पाहिलास आणि त्याचा प्रयोगशाळेचा अहवाल त्यांच्यापुढे ठेवलास. नीट घाटाचा असा हिरा वरून साधारण साडेसहा मिलिमीटर दिसतो. तुझ्या अहवालात व्यास 6.3 असेल, तर कुणीतरी लगेच सांगेल, की याचं वजन पोटात गेलं आहे. पैसे तू कॅरेटचे देशील, दिसेल लहान, आणि खोल घाटामुळे उजेड परत वर न येता बाजूंनी निसटेल. 95 सेंटचा, म्हणजे कॅरेटला जरा कमी, पण चांगल्या घाटाचा हिरा घेतलास तर व्यासात फरक एक दशांश मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण पूर्ण कॅरेटला भाव एकदम उडी घेतो, त्यामुळे पैशांत बराच फरक पडतो. लंबगोल हिरा निवडलास तर मधोमध बो-टायच्या आकाराची काळी सावली आहे का, हे ते विचारतील आणि हलता व्हिडिओ मागतील. गिऱ्हाइकाला काउंटरवर हे सहसा कुणी आपणहून सांगत नाही. ज्यांना त्या विक्रीतून एक रुपयाही मिळत नाही ते एका परक्या मुलीसाठी अहवालातले आकडे वाचत बसतात, याला मी उपकारच म्हणते.

पण याच जागी नवखा माणूस दबूनही जातो. जाणकारीचा ओढा नेहमी वरच्या श्रेणीकडे असतो. तू ‘एच’ रंगाचा, व्हीएस-2 स्वच्छतेचा हिरा दाखवशील आणि कुणी म्हणेल, थोडे पैसे वाढव, ‘ई’ घे, व्हीव्हीएस घे. त्याचा हेतू वाईट नसतो. त्याच्या छंदात तोच आनंद आहे. पण तुला पिवळ्या सोन्यात अंगठी करायची आहे. पिवळ्या कोंदणात ‘एच’ आणि ‘ई’ यांतला फरक बोटावर दिसत नाही. स्वच्छतेची श्रेणी दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून ठरते आणि तुझ्या सासरची माणसं भिंग घेऊन येणार नाहीत. व्हीएस-2 हिऱ्यातली खूण नुसत्या डोळ्यांना सहसा सापडत नाही. एसआय-1 सुद्धा अनेकदा स्वच्छ दिसतो, फक्त खूण काळी आहे का आणि टेबलाच्या, म्हणजे वरच्या सपाट पैलूच्या, मधोमध आहे का, एवढं पाहावं लागतं. श्रेणीवर पैसे टाकण्यापेक्षा घाटावर टाक. हिरा लखलखतो तो घाटामुळे. मार्सेल टोल्कोव्स्कीने 1919 मध्ये पैलूंच्या प्रमाणांचं गणित मांडलं ते याच कारणासाठी, आणि जीआयए 2006 पासून गोल हिऱ्यांच्या घाटालाही श्रेणी देते.

चर्चा सर्वांत कडवट होते ती प्रयोगशाळेत तयार केलेल्या हिऱ्यावरून. एक बाजू म्हणते, तो हिराच नव्हे. दुसरी म्हणते, खाणीतला घेणारा मूर्ख. दोघांच्या भांडणात विचारणाऱ्याचा प्रश्न बाजूला राहतो आणि तो ओशाळून निघून जातो. नवख्याशी वागण्याची सर्वांत वाईट रीत मला हीच वाटते. तुला वस्तुस्थिती सांगते, निवड तुमची. एचपीएचटी किंवा सीव्हीडी पद्धतीने केलेला हिराही कार्बनचाच स्फटिक असतो, तेवढाच कठीण आणि तेवढाच तेजस्वी. नुसत्या डोळ्यांना किंवा भिंगाला दोघांतला फरक कळत नाही, त्याला प्रयोगशाळेतली यंत्रं लागतात. गेल्या काही वर्षांत प्रयोगशाळेतल्या हिऱ्याचे भाव फार उतरले आहेत. त्यामुळे त्याच पैशांत मोठा हिरा मिळतो, पण परत विकायला गेल्यास हाती फारसं काही येत नाही. खाणीतला हिराही विकताना घेतलेल्या भावाने जात नाही, सोन्यासारखी त्याची रोजची पेठ नाही. 2025 मध्ये जीआयएने प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांना नैसर्गिक हिऱ्यांसारख्या बारीक श्रेणी देणं थांबवून प्रीमियम आणि स्टँडर्ड अशा दोनच पायऱ्या ठेवल्या. आयजीआय या दुसऱ्या संस्थेचे अहवाल या हिऱ्यांसोबत बाजारात सर्रास दिसतात. कोणता घ्यायचा ते तुम्ही दोघं ठरवा. फक्त जो घ्याल तो काय आहे, हे बिलावर स्पष्ट लिहून घ्या.

सल्ला देणाऱ्याची पारख कशी करायची? चांगला सल्लागार आधी प्रश्न विचारतो. किती खर्च करायचा आहे, सोनं कोणतं, रोज घालणार की सणासमारंभाला, बोटं कशी आहेत. ‘मला व्यक्तिगत निरोप पाठव, माझ्याकडे माल आहे’ असं म्हणणारा व्यापारी आहे. त्याच्याशी व्यापाऱ्यासारखंच वाग. घेऊन झालेल्या अंगठीला जो नावं ठेवतो, त्याला तुझ्या भल्याची चिंता नाही.

विचारण्याचीही रीत असते. ‘हिरा चांगला कुठे मिळेल’ एवढंच लिहिलंस तर उत्तर मिळणार नाही, आणि तो त्यांचा उद्धटपणा नव्हे. खर्चाचा आकडा सांग, आकार सांग, एक-दोन हिऱ्यांच्या अहवालातली मापं दे, तुला काय कळलं आणि कुठे अडलं ते लिही. माणसं तासन्‌तास मदत करतील. मात्र साखरपुड्याची तारीख, पत्ता, बिलाचा फोटो, यांतलं काही तिथे टाकू नकोस. घरात दागिना येणार आहे, ही बातमी जगाला द्यायची नसते.

एवढं झालं, की लिहिणं-वाचणं बंद कर आणि दुकानात जा. एका नव्हे, दोन-तीन. दुकानातल्या प्रखर दिव्यांखाली प्रत्येक खडा चमकतो. तिथल्या माणसाला विनंती करून अंगठी दिव्यांपासून दूर, खिडकीच्या साध्या उजेडात बघ. आमच्याकडे हिरा पाहायचा तो उत्तरेच्या शांत उजेडात, पांढऱ्या कागदाच्या घडीवर उलटा ठेवून. तसा ठेवला की रंगाचा पिवळेपणा लगेच कळतो. मग हाताच्या सावलीत धर. तिथेही जो जिवंत दिसेल तो चांगल्या घाटाचा. अहवालाचा क्रमांक हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असेल तर भिंगातून दाखवायला सांग आणि तोच क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर तपासून घे. हॉलमार्क आणि सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक सोन्याची शुद्धता सांगतात, हिऱ्याबद्दल काही सांगत नाहीत. बिलात सोन्याचं निव्वळ वजन, हिऱ्याचं वजन आणि भाव, घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी वेगवेगळे दिसले पाहिजेत. परत घेण्याची हमी तोंडी देतील, ती लेखी माग.

तेव्हा माझं मत असं. अनोळखी जाणकार नवख्याला मदत करतात, आणि ती मदत घेण्यात कमीपणा नाही. पण ज्याच्याशी बोलल्यावर तुला हिरा अधिक नीट दिसू लागतो, त्याचंच ऐक. ज्याच्याशी बोलल्यावर आपल्या पसंतीचीच लाज वाटू लागते, त्याला तिथेच सोड, मग त्याचं ज्ञान कितीही मोठं असो. अंगठी घेतल्यावर ‘कशी आहे’ म्हणून कुणालाही विचारू नकोस. त्याऐवजी तुझ्यासारखाच कुणी नवखा भेटला, तर पाहायचं कसं ते त्याला शिकव आणि निवड त्याच्यावर सोड.

जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
मावशी