पोरकं नसलेलं पिल्लू

मागच्या शनिवारी चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभा होतो. लॉन कापायचा 'विचार' चालू होता. इथे रेडिंगला जूनमध्ये गवत भयानक वाढतं. तेवढ्यात कुंपणाखाली काहीतरी हललं. तपकिरी रंग, अंगभर ठिपके, शेपूट जवळजवळ नाहीच. उडेना, पळेना, नुसतं माझ्याकडे बघत बसलं.

ठिपके दिसले म्हणून मी 'साँग थ्रश' ठरवून मोकळा. आणि लगेच बुटांचं खोकं रिकामं करायला घेतलं! कारण शेजाऱ्यांचा बोका.

खोकं घेऊन बाहेर आलो तर शेजारच्या आजी कुंपणावरून म्हणाल्या, "त्याला राहू दे, बाप येईल." पाचच मिनिटांत आला की! काळाकुळकुळीत, पिवळी चोच, चोचीत गांडूळ. ब्लॅकबर्ड. म्हणजे माझा थ्रश साफ चुकला. थ्रशची छाती फिकट असते आणि तिच्यावर गडद ठिपके स्पष्ट उठून दिसतात. ब्लॅकबर्डचं पिल्लू तांबूस तपकिरी, ठिपके जरा फिस्कटलेले.

ही पिल्लं साधारण दोन आठवड्यांची झाली की घरटं सोडतात, धड उडता येत नसतानाच. पुढचे दोन-तीन आठवडे आई-बाप त्यांना जमिनीवर, झुडपात भरवतात. बऱ्याचदा हे काम बापाकडे, कारण आई पुढच्या अंड्यांच्या तयारीत. (आमच्याकडे नाईट ड्यूटीवरून अजून भांडणं होतात.)

एकूणच इथली पिल्लं आई-बापांसारखी दिसत नाहीत. ब्लू टिटच्या पिल्लाचे गाल पांढरे नाही, पिवळे. आपल्या साळुंकीचा भाऊबंद स्टार्लिंग, त्याचं पिल्लू सरळ उंदरी रंगाचं. रॉबिनची तर कमालच. ख्रिसमस कार्डावरची ती लाल छाती पिल्लाला नसतेच. मोठे रॉबिन हद्दीवरून जिवावर उठतात आणि लाल रंग दिसला की भडकतात. ठिपकेवाल्या पोराला त्यामुळे मार बसत नाही म्हणे.

आजींनी सांगितलं म्हणून मी पिल्लू उचलून झुडपात ठेवलं, चार पावलांवर. बोक्यापासून तेवढंच. हात लावताना मात्र थबकलो. "माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला घेत नाहीत" हे आमच्या आजीचं वाक्य. ते खरं नाही. वासावरून पक्षी पिल्लं टाकत नाहीत.

चौथीत असताना साताऱ्याला मला अंगणात बुलबुलाचं पिल्लू सापडलं होतं. चांगले पंख फुटलेलं. मी हात लावला होता, म्हणजे आता ते आपलंच, असं ठरलं. खोकं, कापूस, वातीनं दूध. (पक्ष्याला दूध कधीही देऊ नका.) दुपारभर तगरीवर दोन बुलबुल ओरडत होते. आम्हाला वाटलं, बिचारे रडतायत. आई म्हणाली, खिडकी लावून घे, पिल्लू घाबरेल.

मी लावून घेतली. सकाळी ते गेलेलं होतं.

ते बुलबुल रडत नव्हते, त्याला हाका मारत होते... हे मला कुंपणापाशी खोकं घेऊन उभं असताना कळलं, तीसेक वर्षांनी.

ब्लॅकबर्डचा बाप संध्याकाळपर्यंत येत होता. मी अकरा खेपा मोजल्या, मग ऑफिसचा फोन आला. लॉन अजून कापलेलं नाही.