दाराचा डबा

बाबांची जुनी गाडी माझ्याकडे आली आणि मी लगेच नवे स्पीकर शोधायला लागलो. बाबा म्हणाले, "आधी दार वाजवून बघ." वाजवलं. ठण्ण! अगदी तेलाचा रिकामा डबा.

इंजिनिअर असून हे मला सुचू नये? असो. स्पीकरचा कोन पुढे हवा ढकलतो तेव्हा मागून ओढत असतो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोकं असली की मागचा आवाज पुढच्याला येऊन मिळतो आणि खर्ज गायब! वर पत्र्याची थरथर, ती वेगळीच.

मग काय, शनिवारी पार्किंगमध्येच बसकण मारली. दाराचं आतलं पॅनेल काढलं, पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, २ मिमीची ब्युटाइल शीट रोलरने दाबून बसवली. सगळा पत्रा मढवावा लागत नाही. मोठ्या सपाट भागावर पट्ट्या लावल्या तरी ठणठणाट बराच जातो. डांबरी शीट स्वस्त, पण उन्हात वास मारते. आतली भोकं बंद केली. तळाची, पाणी निचरायची मात्र उघडीच ठेवली, नाहीतर दार गंजलंच म्हणून समजा.

संध्याकाळी बाबांना शेजारी बसवून भीमसेनांची सीडी लावली. स्पीकर तेच, जुने. डग्गा चक्क घुमला!

बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "दोन वर्षं गाडीत गाणं लावलं नाही रे. मला वाटलं, माझे कानच गेले."

कान तपासायला पुढच्या शनिवारी जाणारच आहोत. पण गाडीनेच जाऊ, गाणी लावून!