साड्यांच्या घडीतलं पत्र



बोईसरच्या एका वहिनींच्या मुलाचं तारापूर एमआयडीसीतलं काम सुटलं. घरकर्जाचे पाच हप्ते थकले आणि बँकेची नोटीस आली. सुनेला कळू नये म्हणून वहिनींनी ती साड्यांच्या घडीत ठेवली. माझ्याकडे आणली तेव्हा 19 दिवस गेले होते.

माझं बी.कॉम. जुनं, पण नोटीस वाचता येते. 2002 च्या सरफेसी कायद्याचं कलम 13(2). हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए होतं, मग ही 60 दिवसांची नोटीस येते. या 60 दिवसांत बँक घराला हात लावत नाही. आपण लेखी म्हणणं दिलं, तर बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. म्हणून मॅनेजरसमोर नुसतं रडून येऊ नये, अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. मुदत संपल्यावर मात्र ताब्यासाठी बँक पालघरला जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ शकते. ताब्याविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागायला आपल्याला 45 दिवस असतात.

"लिलावाच्या दिवशी पैसे भरू," असं सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. 2016 च्या दुरुस्तीनंतर सगळं देणं भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे.

वहिनींनी परिग्रह-परिमाण व्रत घेतलेलं. क्षेत्र, वास्तू, सुवर्ण, धन, धान्य, कशाची किती मर्यादा, ते वहीत लिहिलेलं. मी तीच वही मागितली. बँकेला दाखवायला याहून चांगली यादी कुठली? एक-दोन हप्ते भरून एनपीए खातं सुधारत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. वहीत चार बांगड्या होत्या, नातीच्या लग्नासाठी ठेवलेल्या. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "नातीला आधी घर तर असू दे."

बांगड्या विकून थकबाकी भरली, खातं नियमित झालं. मुलाला पालघरला काम मिळालंय, पगार कमी आहे. हप्ता लहान करून मुदत वाढवण्याचा अर्ज दिलाय, उत्तर यायचंय. सुनेला सगळं सांगितलं. ती चिडली, ते बांगड्यांसाठी नव्हे, लपवल्याबद्दल. आता दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता गेला का, ते तीच मोबाईलवर बघते.