नेम आणि चाळिशी

बँकेतल्या कारकुनाचा बंदुकीशी संबंध एवढाच, की आमच्या दारात एक दुनळी असते आणि तिच्याआड एक पेंगणारा वॉचमन असतो. गेली वीस वर्षं मी त्या दुनळीकडे छत्री अडकवायची जागा म्हणूनच पाहत आलो. तरीसुद्धा परवा कोकणातून मेहुण्याचा फोन आला, "भाऊजी, रायफलीला रात्री दिसणारी साईट बसवायचीय. कुठली घेऊ? तुम्ही बी. कॉम. आहात, हिशेब करून सांगा."

बी. कॉम. झालेल्या माणसाला लोक काहीही विचारतात.

मेहुणा लष्करातून सुभेदार होऊन परतलेला. घरी परवान्याची .315 रायफल आणि शेतात रताळी. डुकराला गोळी घालायची तर वनखात्याची परवानगी लागते. ती त्याने खेटे घालून मिळवली होती. डुकरं मात्र कुणाचीही परवानगी न घेता रात्री दोनला येत, आणि त्या अंधारात नळीच्या टोकावरची खुंटी दिसत नसे. मागच्या खाचेतून पुढची खुंटी दिसलीच नाही, तर नेम धरायचा कशाने?

मी अभ्यासाला लागलो. पहिला प्रकार चमकत्या रंगाचा. हे आपलं बचत खातं. संध्याकाळी बॅटरीचा उजेड भरायचा, रात्री थोडा थोडा काढायचा. पहाटेपर्यंत शिल्लक नाममात्र. दुसरा ट्रिटियमचा. काचेच्या इवल्याशा नळीत हा वायू भरलेला असतो आणि तो आपला आपण आतला लेप उजळत ठेवतो. उजेड भरायला नको, सेल नको. पण 12.3 वर्षांत तो निम्मा होतो, पुढच्या तेवढ्याच वर्षांत उरलेल्याच्या निम्मा. म्हणजे शुद्ध घसारा, तोही घटत्या शिलकेच्या पद्धतीने! कॉमर्सला घातलेले पैसे वडिलांना प्रथमच वसूल झाल्यासारखे वाटले असते. मेहुण्याने तिसरा प्रकार सुचवला : हायवेवरच्या 'रेडियम आर्ट'वाल्याकडून पट्टी चिकटवून घेऊ. त्या रेडियममध्ये रेडियम नसतं, आणि समोरून उजेड टाकल्याशिवाय ते चमकत नाही, हे समजावताना माझे फोनचे बरेच पैसे गेले.

शिवाय मागचे ठिपके पुढच्यापेक्षा मंद हवेत. ते डोळ्याजवळ असतात. भडक झाले तर पुढचा ठिपका त्यांच्यात हरवतो. आमच्या हेडक्लार्कमागे साहेब हरवतात तसा.

दिवाळीत सासरी गेलो. मेहुण्याने खुंटीवर रंगाचा मासला लावलाच होता. रात्री त्याने गोळ्या काढल्या, बोल्ट मागे ओढून तीनदा आत बोट फिरवलं आणि रायफल माझ्या हाती दिली. चश्म्याशिवाय पाहिलं, तर ठिपक्याचं मोसंबं झालं. चाळिशी लावली, तर ठिपका स्वच्छ, पण शेत गायब.

"चालतं," मेहुणा कुजबुजला. "नजर खुंटीवर ठेवायची. समोरचं धूसर झालं तरी हरकत नाही."

इतक्यात रताळ्यांच्या कडेला काहीतरी काळं, बुटकं हललं.

"डुक्कर!" मी पुटपुटलो आणि हिरवा ठिपका त्याच्या बरोबर मधोमध आणला. आयुष्यात माझा इतका अचूक नेम कधी लागला नव्हता.

डुक्कर खोकलं.

"कोण आहे रे तिकडे? जावईबापू, झोप नाही येत का?"

घोंगडी पांघरून, हातात तांब्या घेतलेले माझे सासरे सावकाश उठून उभे राहिले.

मेहुणा मटकन बांधावर बसला. "भाऊजी, रिकामीच होती ना?" ज्याने स्वतः तीनदा बोट फिरवलं होतं, तो मला विचारत होता.

त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो नाही. चमकणारा ठिपका आपल्याला आपली बंदूक दाखवतो. समोर कोण आहे, ते दाखवत नाही. बँकेत हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात : सही ताडून पाहिल्याशिवाय चेक पास करायचा नाही. चुकून पास झालेल्या चेकचे पैसे निदान मागता तरी येतात.

सकाळी मेहुण्याने साईटचा विषय मिटवला आणि एक जबरदस्त टॉर्च आणला. आधी उजेड, मग ओळख, मग वाटलंच तर नेम. सासऱ्यांना मी घडलेलं सगळं सांगितलं नाही; एवढंच म्हणालो, की रात्री बाहेर पडताना जरा आवाज करत जा. तेव्हापासून ते खड्या आवाजात अभंग म्हणत जातात.

त्यांचा सूर ऐकल्यापासून डुकरं फिरकलेली नाहीत. परवानगीचा कागद तसाच पडून आहे.