हलगीचा तास

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाची अपेक्षा, मी इतिहासाचा शिक्षक म्हणून आपल्या जिल्ह्यातील आंबेडकरी चळवळीवर काही लिहावे, अशी होती. या लेखात ती चळवळ आहेच. मात्र तिच्याकडे मी या वेळी एका वाद्याच्या वाटेने आलो, आणि ते वाद्य मी वयाच्या पन्नाशीनंतर मोबाईलवर शिकलो. तेव्हा ही हकीकत थोडी घरगुती वाटली, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मार्च २०२० मध्ये आपले वसतिगृह रिकामे झाले. मुले आपापल्या गावी गेली. त्या वर्षीची १४ एप्रिलची जयंती आपण सर्वांनी घरातच साजरी केली. प्रतिमेला पुष्पहार घातला, त्रिशरण-पंचशील म्हटले आणि पुढे दिवसभर गावात विलक्षण शांतता होती. मिरवणूक नाही, गाणी नाहीत, वाद्य नाही. संध्याकाळी मोबाईलवर जुने जलसे शोधत असताना एका तरुणाचा हलगीवादनाचा व्हिडिओ समोर आला. कोल्हापूरकडचा हा पदवीधर तरुण कार्यक्रम बंद पडल्याने ऑनलाइन शिकवणी घेत होता. आठवड्यातून दोन तास, महिन्याची फी आगाऊ. मी त्याच रात्री निरोप पाठवला, आणि पाठवल्यावर लक्षात आले की, आता हे नानांना सांगावे लागणार.

नाना म्हणजे माझे वडील. तेव्हा त्यांचे वय ब्याऐंशी वर्षांचे होते. आमच्या घरात हलगी हा शब्द साधेपणाने उच्चारला जात नसे. प्रवरेकाठच्या आमच्या गावात महारकी आमच्या घराण्याकडे होती. दवंडी देणे, मयताची खबर पोचवणे, अंमलदाराचे सामान वाहणे, जत्रेत देवीच्या पालखीपुढे वाजवणे, ही सगळी कामे त्यात आली. हाक आली की आजोबांनी हलगी घेऊन निघायचे. पाऊस असो, ताप असो, घरात कुणी मरणपंथाला लागलेले असो. मोबदला म्हणून बलुते; तेही मागून आणायचे.

१८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने ही बांधिलकी पक्की केली होती. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतन हे वरकरणी हक्कासारखे दिसते. प्रत्यक्षात ते संपूर्ण घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेणारी वेठ आहे, हे त्यांनी उघड केले. पुढे १६ डिसेंबर १९३९ रोजी आपल्याच जिल्ह्यात, हरेगाव येथे, महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. आजोबा रात्रभर चालत हरेगावला गेले होते. परत आले ते हलगी खुंटीला टांगण्यासाठीच. दुसऱ्या दिवशी हाक आली तेव्हा ते उंबऱ्यातच बसून राहिले. त्या वर्षी बलुते बंद झाले आणि आजी उसाच्या मळ्यात मजुरीला जाऊ लागली. कनिष्ठ वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. आमच्या घरातील वतन त्याआधी एकोणीस वर्षे संपले होते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर, अठरा वर्षांच्या नानांनी ती खुंटीवरची हलगीही प्रवरेत सोडून दिली.

आणि आता त्यांचाच मुलगा, एम.ए. झालेला, हलगी विकत घेत होता.

जूनमध्ये हलगी घरी आली. लोखंडी कड्यावर ताणलेले कातडे, एक जाड टिपरू आणि एक पातळ, लवचिक काडी. टिपरू उजव्या हाताचे. काडी डाव्या हाताच्या बोटांत धरून कड्याच्या काठाशी ठेवायची. पहिले पंधरा दिवस सरांनी मला हलगीला हात लावू दिला नाही. (आम्ही एकमेकांना सरच म्हणत असू, ते माझ्या वयाला आणि मी त्यांच्या विद्येला.) “आधी तोंडाने म्हणा सर, मग हाताने वाजवा,” हा त्यांचा पहिला नियम. पावसाळी हवेत कातडे सैल पडून आवाज बसला, तेव्हा त्यांनी ते शेकायला शिकवले. मी उसाचे पाचट पेटवून अंगणात हलगी शेकू लागलो. ज्वाळेपासून किती अंतरावर धरायची, हे पडद्यातून सांगता येत नाही. पहिल्या खेपेला कातड्याला काळा डाग पडला. तो अजून आहे.

ऑनलाइन शिकण्याची मोठी अडचण अशी की, दोघांना एकत्र वाजवता येत नाही. आवाज क्षणभर उशिरा पोचतो आणि तेवढ्यात लय मोडते. म्हणून सरांनी वाजवायचे, मी ऐकायचे. मग मी वाजवायचे, त्यांनी ऐकायचे. आरंभी तर माझे वाजवणे त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. माझे बोलणे स्वच्छ ऐकू जाई, हलगी सुरू झाली की पलीकडे सगळे शांत! शेवटी उलगडा झाला. झूमचे तंत्र माणसाचा आवाज ठेवते आणि बाकीचे गोंगाट समजून गाळून टाकते. ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय सुरू केल्यावर हलगी पोचू लागली. सर हसत म्हणाले, “यंत्रालासुद्धा आपलं वाद्य गोंगाट वाटतं बघा.”

१ ऑगस्ट २०२० रोजी अण्णा भाऊ साठे यांची जन्मशताब्दी पूर्ण झाली. त्या दिवशी सरांनी तासाची फी घेतली नाही. बोलता बोलता मी त्यांना हरेगावची, खुंटीची आणि प्रवरेची हकीकत सांगितली. सांगताना माझ्या आवाजात अभिमान होता, हे कबूल केले पाहिजे. सर मातंग समाजाचे. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “सर, तुमच्या आजोबांनी सोडली, ते मोठंच काम झालं. पण आमच्या आजोबांनी धरून ठेवली, म्हणून आज तुम्हाला शिकवायला मी आहे. आम्हाला मात्र वाजवणारे म्हणूनच हिणवलं. परक्यांनी तर हिणवलंच, आपल्यांनीही.”

मला उत्तर सुचले नाही. ‘फकिरा’ ही आपली कादंबरी अण्णा भाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. परंतु शेजारच्या वस्तीतील वाजंत्र्याकडे आम्ही स्वतः कोणत्या नजरेने पाहिले, हा प्रश्न मी कधी वर्गात काढला नव्हता. हरेगावच्या परिषदेच्या नावातच महार आणि मांग शेजारी शेजारी होते.

नानांनी दोन महिने माझ्या हलगीबद्दल एक शब्द काढला नाही. तास सुरू झाला की ते उठून मागच्या पडवीत जात. एके दिवशी मात्र दारात उभे राहून त्यांनी विचारले, “याचे पैसे कोण देतं?”

“मीच देतो, नाना. शिकवणाऱ्याला. महिन्याच्या महिन्याला.”

“आणि आज वाजवायचं नाही म्हटलास तर?”

“तर नाही वाजवायचं.”

ते बराच वेळ माझ्या हातांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “आपल्या घरातून हलगीवाल्याला मान देऊन पैसे जातात, हे मी पहिल्यांदा पाहतोय. तुझा आजा वाईट वाजवायचा नाही. त्याला नको होती ती हाक.”

इतिहासाच्या कोणत्याही ग्रंथात मला हे इतक्या थोडक्यात वाचायला मिळाले नव्हते. नकार वेठीला होता. वाद्य त्या नकारात ओढले गेले, कारण त्या काळी वेठ आणि वाद्य यांना वेगळे करण्याची मुभाच आजोबांना नव्हती. ती मुभा बाबासाहेबांच्या लढ्याने माझ्या पिढीला दिली. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात शिक्षण आणि समता भरली, तीही अशीच निवड होती. तमिळनाडूत ‘परई’ या चर्मवाद्याचे असेच झाले. अंत्ययात्रेत वाजवण्याची सक्ती म्हणून अनेकांनी ते नाकारले आणि पुढे स्वाभिमानाचे वाद्य म्हणून पुन्हा हाती घेतले. २०२५ मध्ये परईचे गुरू वेलू आसान यांना पद्मश्री मिळाली.

शाळा पुन्हा भरल्यावर मी मुलांना हलगी शिकवण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा संस्थेतील एका ज्येष्ठांनी स्पष्ट विरोध केला. “ज्यातून बाहेर पडलो, तेच मुलांच्या हाती कशाला देता?” असे त्यांनी विचारले. हा प्रश्न चुकीचा आहे, असे मला आजही वाटत नाही. त्या प्रश्नामुळेच आपल्या शाळेत हलगीचे तीन नियम ठरले. पहिला, हलगी ज्याला वाटेल त्याने शिकावी, मग तो कोणत्याही समाजाचा असो, मुलगा असो वा मुलगी. दुसरा, शिकणाऱ्याने आधी हरेगावची परिषद आणि वतनाचा कायदा समजून घ्यावा. तिसरा, पाहुण्यांच्या स्वागतासाठी फाटकाशी हलगी वाजणार नाही.

या तिसऱ्या नियमाची कसोटी यंदाच्या समारंभात लागली. प्रमुख पाहुण्यांना वाजतगाजत आणावे, अशी सूचना कुणीतरी सद्भावनेने केली. मी नम्रपणे नकार दिला. मुले मंचावर बसली, प्रत्येकाचे नाव पुकारले गेले, आणि पाहुणे खाली बसून ऐकत राहिले. मधल्या रांगेत इयत्ता आठवीची एक मुलगी होती. तिची काडी इतकी स्वच्छ पडत होती, की कोल्हापूरहून खास आलेल्या माझ्या सरांनी मान डोलावली. संस्थेने त्यांना प्रवासखर्च आणि मानधन दिले आणि पहिल्या रांगेत बसवले.

नाना तो दिवस पाहायला नव्हते. त्यांच्या अखेरच्या आजारात एकदा त्यांनी मला हलगी आणायला सांगितली होती. त्यांनी ती मांडीवर घेतली, काळ्या डागावरून बोट फिरवले आणि, न वाजवता, परत दिली. तेवढे स्वातंत्र्य त्यांचेही होते.

जय भीम.